शेवटची बारीक ओळ

"माझ्या मालकाला कोणी मारलं न्हाई, मॅडम," सत्यशीला हिवाळे म्हणाल्या. "डॉक्टरनं हार्ट अटॅक सांगितला, पोलिसांनी फाइल बंद केली. मला ते कबूल हाय. पण ते जात होते तवा शेजारी कोणीतरी होतं. त्यानं खोलीला बाहेरून कडी लावली, मशीनवर बसून आपलं काम केलं आन् निघून गेला. तो माणूस मला पायजे."

जुन्या जालन्यातल्या कापड दुकानावर अरुंधती परतूरकरचं खासगी तपासाचं छोटं ऑफिस होतं. तिनं पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. कोपऱ्यात तिचा मावसभाऊ अवधूत शब्दकोडं सोडवत बसला होता. चित्रकलेच्या मास्तरकीतून निवृत्त झाल्यापासून तो तिची गाडी चालवायचा. त्यानं पेन्सिल खिशात ठेवली.

"सुरुवातीपासून सांगा," अरुंधती म्हणाली.

तातेराव हिवाळ्यांचं वडीगोद्रीला, हायवेलगत, पत्र्याचं शेड होतं. लाकडावर अक्षरं कोरणारं कॉम्प्युटरचं मशीन. दुकानांच्या, घरांच्या पाट्या तिथं व्हायच्या. त्या दिवशी मशीनवर जी पाटी होती ती मात्र गिऱ्हाइकाची नव्हती. विहाराच्या आवारात अभ्यासिका उभी राहत होती, तिला तातेरावांच्या मुलीचं नाव द्यायचं ठरलं होतं. भावना. परीक्षेला जाताना दोन वर्षांपूर्वी ट्रकच्या धडकेत ती गेली.

"मोटारसायकल कोण चालवत होतं?" अरुंधतीनं विचारलं.

"आमचा भारत. तिचा भाऊ." सत्यशीलाबाईंनी पदर बोटाभोवती गुंडाळला. "तो वाचला. दवाखान्यात ह्यांनी त्याला एकच इचारलं, 'तू कसा राह्यलास?' त्यानंतर बोललेच न्हाईत. पोरगं घर सोडून जालन्याला गेलं. मी चोरून फोन करते रोज. घरात काय शिजलं, काय बिघडलं, कोण आल्तं, सगळं सांगते. तो नुसता ऐकतो."

"आणि तुमचा संशय कोणावर आहे?"

"संशय न्हाई, सगळा गावच म्हणून राह्यला. कल्याण. शेडमधला कामगार." त्या थांबल्या. "त्या पाटीची खालची बारीक ओळ राह्यली होती. बारीक बिट, मशीनचं कोरायचं टोक, तुटल्ता. नवा आणायला कल्याण जालन्याला गेल्ता. संध्याकाळी तो आला, ह्यांना मेलेलं बघितलं, ओरडला. पण पाटी तर पूर्ण झाल्ती! बिट त्याच्याकडं, मशीन त्याला येतं. मंग दुसरं कोण? त्याची सोयरीक मोडायला आलीय, मॅडम. तो न्हाई म्हणतो. मला कळत न्हाई. खोटं असंल तर कळू द्या, खरं असंल तरी कळू द्या."

*

शेडमध्ये लाकडाचा भुसा तसाच पडून होता. पाटी मशीनवरून उतरवून भिंतीला टेकवून ठेवली होती. सागवानाची, हातभर रुंद. वर मोठी उठावदार अक्षरं: भावना तातेराव हिवाळे अभ्यासिका. त्याखाली मध्यम आकारात तिचं शिक्षण, जन्म आणि मृत्यूचं वर्ष. अगदी तळाशी, केसासारखी बारीक एक ओळ. अरुंधतीनं वाकून वाचली.

"सप्रेम अर्पण : आई सत्यशीला, वडील तातेराव, भाऊ भारत."

"ही ओळ भाऊंनी कवा टाकली, मला ठाऊक न्हाई," कल्याण दाराशी उभा राहून म्हणाला. पंचविशीचा, खांदे पडलेला तरुण. तातेरावांना तो भाऊ म्हणायचा. "कॉम्प्युटरवर ते एकटेच बसायचे. ह्या पाटीला मला हात लावू देत नव्हते. भुसा झटकायला गेलो तरी खेकसायचे."

"का?"

"बारीक बिट मीच तोडला ना." त्याचा आवाज खाली गेला. "दुसऱ्या एका कामावर. कसं असतं मॅडम, आधी जाडा बिट लावायचा. मोठी मोठी जागा तो खाऊन टाकतो. मंग त्याच्याहून लहान, तो कोपरे काढतो. मंग आणखी लहान. जाड्याला जिथं शिरता येत न्हाई तेवढंच बारक्यासाठी ठेवायचं. मी जल्दी करतो. मधला टाळून एकदम बारीक लावला. त्याला झेपलं न्हाई, कडकन गेला."

"बिट आपोआप बदलतो?" अवधूतनं विचारलं.

"न्हाई साहेब. मशीन थांबतं. माणसानं जाऊन पान्यानं बदलायचा, उंची लावायची, पुन्हा चालू करायचं. दर वेळी."

"तू बिट आणायला गेलास तेव्हा पाटी कुठवर आली होती?"

"भाऊ जाडा बिट चालवून राह्यले होते. बाकी सगळं व्हायचं होतं. म्हणले, बिट घेऊन ये, शेवटची ओळ मी माझ्या हातानं लावणार. तू बाजूला राहा."

"आणि आलास तेव्हा?"

कल्याणनं आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. खाट, माठ, एक खिडकी. "दाराला ह्या बाजूनं कडी होती. मला वाटलं भाऊ घरी गेले. उघडलं तर खाटेवर, भिंतीकडं तोंड करून. उभा पंखा त्यांच्या अंगावर चालू. डबा उघडलेला न्हाई. चपला खाटेखाली बराबर जोडून ठेवलेल्या. हात लावला तर..."

"तो पंखा नेहमी आतच असतो?"

"न्हाई, इथं कॉम्प्युटरपाशी."

अरुंधतीनं खोलीचं दार ढकललं. ते चौकटीवर आदळलं आणि हळूहळू पुन्हा उघडलं. तिनं पुन्हा लावलं, ते पुन्हा उघडलं.

"कडी घातल्याबिगर राहत न्हाई ते," कल्याण म्हणाला. "उघडं राह्यलं की सगळा भुसा आत."

"कडीचं पोलिसांना कोणी सांगितलं?"

"मीच. होती म्हणून सांगितलं."

त्यानं टेबलाच्या खणातून प्लास्टिकची छोटी नळी काढून दिली. तोंडावरची चिकटपट्टी जशीच्या तशी होती. "हा बिट. अर्ध्या मिलिमीटरचा. भाऊंनी तोच सांगितल्ता. याच्याहून बारीक जालन्यात मिळत न्हाई, पुण्याहून मागवावा लागतो. लोक म्हणतात दोन आणले आसतील, एक वापरला."

अरुंधती पाटीपाशी गुडघ्यावर बसली. "अवधूत, तुझी पेन्सिल दे. शिसं केवढं आहे?"

"पॉइंट फाइव्ह. अर्धा मिलिमीटर. का?"

तिनं शिशाचं टोक आधी मधल्या अक्षरांत घातलं. ते सहज फिरलं. मग शेवटच्या ओळीतल्या 'अर्पण'वर टेकवलं. थोडं दाबलं. शिसं मोडलं. दुसरं काढून 'भारत'वर टेकवलं. तेही मोडलं.

"शिसं महाग झालंय, ताई," अवधूत म्हणाला.

*

शेजारचे सर्जेराव नांगराचे फाळ आणि पाइप विकायचे. तातेरावांशी त्यांचं भुशावरून वर्षभर वाजलं होतं.

"भांडलो, खरंय," ते म्हणाले. "माझ्या मालावर सगळा पिवळा थर बसायचा. पण मेलेल्या माणसाला कशाला लपवू? त्या दिवशी मी इथंच होतो. सकाळी मशीन घरघर करत होतं, जाडा आवाज. मंग बंद झालं. लई वेळ शांत. मला वाटलं, गेला जेवायला."

"पुन्हा कधी सुरू झालं?"

"शाळेतली पोरं घराकडं निघाली तवा. ह्या वेळी आवाज जरा पातळ होता. थांबला. मंग आणखी पातळ. थांबला. शेवटी तर डासावानी, कानात गुणगुणल्यासारखा. तो लई वेळ चालला. मंग बंद."

"तातेराव मशीन चालू ठेवून पडायला जायचे का कधी?"

"तातेराव?" सर्जेराव कडवटपणे हसले. "एकदा त्याच्या डोळ्यांदेखत गिऱ्हाईक चक्कर येऊन पडलं, तर आधी मशीन बंद केलं, मंग पाणी आणलं. चालू मशीन सोडून तो हलायचा न्हाई."

समोर चहाचं हॉटेल चालवणाऱ्या नंदाबाईंनी सांगितलं की दुपारभर शेडसमोर एकही गाडी थांबली नाही. संध्याकाळी कल्याणची मोटारसायकल आली तीच पहिली. मागच्या बाजूला हिवाळ्यांच्याच शेतातून एक पायवाट येते खरी, पण ती फक्त घरची माणसं वापरतात.

"म्हणजे कल्याण पायी मागून आला, काम केलं, आणि संध्याकाळी गाडी घेऊन पुन्हा आला," अवधूत गाडीत म्हणाला. "सरळ आहे."

"कडी?"

"तातेराव उठून बाहेर येऊ नयेत म्हणून."

"आणि पंखा?"

अवधूतनं गिअर बदलला.

*

जालन्यात राधेश्याम यांच्या कारखान्यात पदकं, स्मृतिचिन्हं, पितळी शिक्के तयार होत. भारत तिथं मशीनवर होता. बापासारखंच रुंद कपाळ. डाव्या भुवईवर जुना टाक्यांचा व्रण.

"पाटीवर तुमचं नाव आहे," अरुंधती म्हणाली.

"ऐकलं." त्यानं हातातल्या पदकावरून नजर उचलली नाही. एका रुपयाएवढ्या पितळेवर त्यानं पूर्ण पत्ता कोरला होता.

"एवढं बारीक कसं जमतं?"

"घाई न्हाई करायची. जाड्या बिटानं करायचं ते जाड्याला करू द्यायचं, मंग एक एक पायरी उतरायची." तो थांबला. "अण्णांनी शिकवलं." वडिलांना तो अण्णा म्हणायचा.

"शेवटचं त्यांच्याशी कधी बोललात?"

"दवाखान्यात." एवढंच म्हणून तो मशीनकडे वळला.

राधेश्याम त्यांना दारापर्यंत सोडायला आले. "लडका हिरा आहे, मॅडम. पण बुझलेला. गाडीला हात लावत नाही, सगळीकडे बसनं जातो. बाप गेला तो दिवस पण खराबच. दाढ दुखते म्हणून दुपारीच निघून गेला, आणि संध्याकाळी ही खबर."

अवधूतनं हळहळ व्यक्त केली. वडीगोद्रीच्या वाटेवर अरुंधतीनं गाडी थांबवायला सांगितली आणि बराच वेळ तुरीच्या शेताकडे बघत उभी राहिली.

"कळलं ना तुला?" अवधूतनं विचारलं.

"कळलं. आणि सांगू नये असं वाटतंय."

आधी ती एकटीच सत्यशीलाबाईंना भेटली. "ताई, मी थांबले तर कोणाचं काही बिघडणार नाही, एका कल्याणशिवाय. बोलले तर ते परत झाकता येणार नाही. विचार करून सांगा."

सत्यशीलाबाई तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिल्या. "परक्याचं लेकरू जळून राह्यलं, मॅडम," त्या म्हणाल्या. "बोला तुम्ही."

*

रविवारी शेडमध्ये अरुंधतीसह सहा माणसं जमली. सत्यशीलाबाई खुर्चीवर बसल्या होत्या. कल्याण आणि सर्जेराव दाराशी. आईनं बोलावलं म्हणून भारत आला होता, तो मशीनला टेकून उभा राहिला. अवधूत खिडकीपाशी.

"हे काम तातेरावांनी केलेलं नाही," अरुंधतीनं सुरुवात केली. "त्यांच्याकडे बारीक बिट नव्हता. आणि ते चालू मशीन सोडून आडवे होणारे नव्हते. सकाळचं जाड काम त्यांचं. मग त्यांना बरं वाटेना, म्हणून मशीन बंद करून ते आत पडले. ती सर्जेरावांनी ऐकलेली शांतता. त्यानंतर आवाज तीनदा बदलला, दर वेळी आधीपेक्षा पातळ. म्हणजे तीन वेळा कोणीतरी हातानं बिट बदलला. घाई न करता, एकही पायरी न गाळता."

"कल्याण पायऱ्या गाळतो," अवधूत हळूच म्हणाला.

"गाळतो. पण एवढ्यावर मी त्याला सोडलं नाही. शेवटच्या ओळीत बिट रेषेवरून एकदाच फिरतो. बिट जेवढा जाड, तेवढी रेघ जाड. कल्याणचा बिट अर्ध्या मिलिमीटरचा. त्यानं दोन आणले असते तरी दोन्ही अर्ध्याचे. पण अर्ध्या मिलिमीटरचं शिसं त्या रेघेत शिरत नाही. ती रेघ त्याहून बारीक बिटानं कोरली आहे. तसा बिट इथल्या बाजारात नाही. पितळेवर पत्ते कोरणाऱ्या कारखान्यात मात्र रोज लागतो."

सत्यशीलाबाईंनी मान वर केली.

"आता कडी. सगळ्यांना वाटलं, मरणाऱ्या माणसाला कोंडलं. पण हे दार कडीशिवाय लागतच नाही, आणि उघडं राहिलं की आवाज आणि भुसा आत जातो. त्या माणसानं इथला पंखा उचलून आत नेला, खाटेकडे वळवला आणि मग दार लावलं. मेलेल्याला कोणी वारा घालत नाही. त्याला तातेराव झोपलेले वाटले. झोप मोडू नये म्हणून त्यानं कडी लावली."

"मंग उठवलं का न्हाई?" सर्जेराव म्हणाले. "गिऱ्हाईक असतं तर उठवलं असतं."

"कल्याणनंही उठवलं असतं, परवानगीशिवाय तो पाटीला हात लावत नव्हता. न उठवणारा माणूस एकच. ज्याला त्यांच्यासमोर उभं राहायची हिंमत नव्हती, पण त्यांचं काम अडलेलं बघवत नव्हतं. जो गाडी चालवत नाही म्हणून नंदाबाईंना गाडी दिसली नाही. जो बसनं आला आणि घरच्यांच्या पायवाटेनं मागून शिरला. ज्याची त्या दुपारी दाढ दुखत होती." अरुंधतीचा आवाज मऊ झाला. "बिट तुटल्याचं त्याला कोणी सांगितलं, ते तुम्हाला माहीत आहे, ताई."

सत्यशीलाबाईंचा हात तोंडावर गेला. "मी," त्या म्हणाल्या. "मीच म्हणले फोनवर. बिट तुटला, तुझा बाप जेवना झाला."

भारत मशीनपासून बाजूला झाला आणि खाली भुशातच बसला.

"ठेवून परत जायचं होतं," तो म्हणाला. "नुसता बिट टेबलावर ठेवून. कोणी ठेवला कळलंबी नसतं. कॉम्प्युटर चालू होता, ओळ दिसली. माझं नाव त्यात." त्यानं दोन्ही तळवे डोळ्यांवर दाबले. "आत डोकावलो. भिंतीकडं तोंड होतं. घामानं बनियन भिजलेलं. पंखा नेऊन लावला. घाम उकाड्याचा वाटला मला. उकाड्याचा."

"ते काही बोलले?" अरुंधतीनं विचारलं.

भारतनं तळवे डोळ्यांवरून खाली घेतले.

"बोलले. मागं न वळता. म्हणले, 'कल्याण, बिट आणला का?' मी नुसतं 'हं' केलं. मंग म्हणले, 'तू कर. सावकाश कर.'"

"माय गं," सत्यशीलाबाई पुटपुटल्या.

"मी केलं. पाटी पुसली. निघताना फटीतून बघितलं, झोपलेत वाटलं. वाटलं, उठून बघतील. कोणी केलं ते ओळखतील, मंग काय म्हणायचं ते म्हणतील. बस जालन्यात पोचली न्हाई तोवर आईचा फोन." त्यानं अरुंधतीकडे पाहिलं. "तवाच दवाखान्यात नेलं असतं तर वाचले असते का? खरं सांगा."

"डॉक्टरांना मी विचारलं. ते म्हणतात, सांगता येत नाही. कदाचित हो, कदाचित नाही. तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी 'नाही' म्हणू शकले असते, पण उद्या तुम्ही स्वतः डॉक्टरांना विचारायला जाल."

भारतनं मान हलवली.

तेवढ्यात कल्याण पुढे आला. कपाळाला आठ्या घालून तो काहीतरी जुळवत होता. "भारतदादा, मला 'तू कर' म्हणले? मला?"

"तुझंच नाव घेतलं."

"नाव घेतलं आसंल. पण मला ते 'कर' म्हणणं शक्य न्हाई. बिलकुल न्हाई. त्याच सकाळी म्हणले होते, बिट आणून दे आन् बाजूला राहा. ह्या पाटीला माझा हात त्यांना चालतच नव्हता." तो सगळ्यांकडे बघू लागला. "त्यांनी ओळखलं होतं."

अवधूतनं बहिणीकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरून त्याला समजलं, हे तिलाही सुचलं नव्हतं.

"ओळखलं होतं, तर मंग माझं नाव का न्हाई घेतलं?" भारतचा आवाज फाटला. "भिंतीकडं तोंड करून का पडून राह्यले? एकदा वळले असते. मी त्यांचा चेहरा बघितला असता. मला कळलं असतं त्यांना काय होऊन राह्यलं ते!"

कल्याण दोन पावलं मागे सरकला.

सत्यशीलाबाई खुर्चीवरून उठल्या आणि मुलासमोर उभ्या राहिल्या. रागानं की कळवळ्यानं, कोणाला सांगता आलं नसतं.

"तू तरी कुठं 'अण्णा' म्हणलास?" त्या म्हणाल्या. "बाप तसा, तू तसा. दोघं एका खोलीत होता रे. एका खोलीत."

मग त्यांचा बांध फुटला. नवऱ्याच्या मातीलाही त्या एवढ्या रडल्या नव्हत्या, असं नंतर सर्जेराव सांगायचे. भारत त्यांच्या पायांना धरून बसला होता आणि त्याच्या केसांत, खांद्यावर भुसा चिकटला होता. अरुंधतीनं अवधूतला खूण केली. दोघं बाहेर आले.

थोड्या वेळानं सत्यशीलाबाई दारात आल्या. डोळे पुसून त्यांनी आधी कल्याणला जवळ बोलावलं. "उद्या मी तुझ्या होणाऱ्या सासरवाडीला येते," त्या म्हणाल्या. "माझ्या तोंडानं सांगते सगळं. आमच्या घरचं हाय म्हणून लपवायची न्हाई."

"राहू द्या, काकी."

"राहू कशाला द्यायचं? येते म्हणले ना."

मग त्या आत वळल्या. "ऊठ भारत. घरी चल, जेवून घे."

"मला जात न्हाई, आई. बस पकडतो."

"जेवढं जाईल तेवढं खा. चल."

तो उठला. तातेरावांचं घर हायवेच्या पलीकडे होतं. मायलेक कडेला येऊन उभे राहिले. उसाचे दोन ट्रॅक्टर गेले, एक एसटी गेली, मग दुरून एक मालट्रक येताना दिसला. रस्ता मोकळा होता, ओलांडायला सवड होती. पण भारतचे पाय जागेवरच थिजले. आईनं त्याचं मनगट धरलं, ट्रक समोरून धडधडत जाईपर्यंत धरून ठेवलं, आणि मग त्या पोराला हाताला धरून पलीकडे नेलं.